कठिनता (रत्ने व खनिजे)

ओरखडा पडू न देण्याची खनिजाची ताकद म्हणजे त्याची कठिनता. ती पडताळण्याची रुळलेली रीत जर्मन खनिजवैज्ञानिक फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडली. त्यांनी दहा खनिजे अशी लावली की वरचे खालच्यावर ओरखडा काढते: शंखजिरे (१), जिप्सम (२), कॅल्साइट (३), फ्ल्युओराइट (४), ॲपेटाइट (५), ऑर्थोक्लेज (६), क्वार्ट्झ (७), टोपाझ (८), कुरुंद (९) आणि हिरा (१०).

नख साधारण २.५, खिडकीची काच ५.५, पोलादी कानस ६.५, एवढ्या साहित्यावर अर्धे काम भागते. गारगोटी क्वार्ट्झचीच, तिचे टोक काचेवर दाबून ओढले की रेघ उमटते. मात्र लगेच निकाल देऊ नये. ओले बोट फिरवावे. रेघ पुसली गेली तर ती मऊ दगडाची पूड. नखाला चर लागला तरच काच ओरखडली.

हे आकडे क्रम सांगतात, माप नव्हे. ९ आणि १० शेजारी दिसतात, पण नूप पद्धतीने मोजल्यास क्वार्ट्झ सुमारे ८२०, कुरुंद २,१०० आणि हिरा ७,००० च्या आसपास भरतो. हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच. कठिनतेतला फरक अणूंच्या बांधणीचा. दिशेनेही कठिनता बदलते. भंडारा जिल्ह्यात सापडणारे कायनाइट स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने सुमारे ५, तर आडवे ७ पर्यंत जाते.

नवरत्नांत माणिक आणि नीलम हे दोन्ही कुरुंदच, म्हणून ९. पुष्कराजाचा मात्र घोळ आहे: आपल्या बाजारात या नावाने बहुधा पिवळा नीलम (९) मिळतो, तर टोपाझ ८ चा. लसण्या ८.५, पाचू ७.५ ते ८, गोमेद ७ च्या आसपास. पोवळे ३ ते ४ आणि मोती २.५ ते ४.५, म्हणजे सगळ्यांत नाजूक. रोजच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. ७ पेक्षा मऊ खडा अंगठीत हळूहळू निस्तेज होतो. जळगाव, पुणे, नाशिककडच्या काळ्या पाषाणात सापडणारे देखणे स्टिल्बाइट (३.५ ते ४) म्हणूनच दागिन्यात न जाता संग्राहकांच्या कपाटात जाते.

कठीण म्हणजे न फुटणारा, हा समज चुकीचा. हिऱ्याला ठरावीक पातळ्यांवर सहज दुभंगण्याचा गुण असतो; घणाचा घाव बसला तर त्याचे तुकडे होतात. उलट, जेडचा नेफ्राइट हा प्रकार ६ ते ६.५ चाच, पण तंतूंच्या गुंफणीमुळे कमालीचा चिवट. हिरा खरा की खोटा हे हातोडीने ठरवायची जुनी कल्पना म्हणजे शुद्ध नुकसान.

घडवलेल्या रत्नावर ओरखड्याची चाचणी कधीही करू नये. रत्नपरीक्षक ओळख पटवण्यासाठी अपवर्तनांक आणि विशिष्ट गुरुत्व पाहतात. ओरखडे टाळायचे तर मोत्यांचा सर आणि हिऱ्याची अंगठीही एका डबीत ठेवू नये.