कागद कोणाच्या दारात पडतो?

बी.ए. झाल्यावर मी एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. मी कविता करतो हे साहेबांच्या कानावर गेलं होतं. त्यामुळे नोटिसांचे मसुदे माझ्या टेबलावर येऊ लागले. नोटीस लिहायला कविता लागत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. जुनी फाईल काढायची, नाव आणि तारीख बदलायची आणि शेवटी 'अन्यथा योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' हे वाक्य ठेवायचं. झाली नोटीस! वर्षभर असं चाललं. मग एक दिवस एक म्हातारी बाई मी लिहिलेली नोटीस हातात घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं, शेजारच्या मुलानं वाचून दाखवली होती. ती म्हणाली, "बाळा, आता मी काय करायचं, ते यात कुठं लिहिलंय?" मी माझीच नोटीस दोनदा वाचली. ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून मला सरकारी कागद वाचायचा नाद लागला. तसे आपले बरेचसे कचेरीतले शब्द फार्सी-अरबीतून आलेले. अर्ज, हुकूम, जबाब, ताकीद, कारकून. लहानपणी घरात उर्दू आणि शाळेत मराठी ऐकणाऱ्या माझ्यासारख्याला या शब्दांशी दोन्हीकडून ओळख. एक गोष्ट लक्षात आली. अर्ज खालून वर जातो, हुकूम वरून खाली येतो. अर्ज लिहिणारा 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' म्हणून सुरुवात करतो आणि आपली अडचण, तिचं कारण, घरची माणसं, सगळं सांगतो. हुकूम मात्र कारण सांगत नाही. सांगायची गरजच काय, असं लिहिणाऱ्याला वाटतं. आज मला दोन हुकमांबद्दल बोलायचं आहे. एकानं कारण सांगितलं, दुसऱ्यानं सांगितलं नाही.

पहिला कागद माझ्या मुलखातला, चिपळूणकडचा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमाराचं, ऐन उन्हाळ्याच्या अखेरीचं हे पत्र आहे. चिपळूणजवळ हलवर्ण इथे घोडदळाच्या पागा होत्या. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलं आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत लष्करानं आधीच बरंचसं संपवलं होतं. हुकूम साधा होता : उरलेलं जपून वापरा, रयतेला त्रास देऊ नका. आमच्यासारख्या कारकुनानं हा मजकूर दोन ओळींत बसवला असता आणि खाली 'अन्यथा' लिहून मोकळा झाला असता.

पत्र तसं करत नाही. ते शिपायाचा हात धरून त्याला पुढच्या चार महिन्यांतून फिरवून आणतं. आज मनाला येईल तसा दाणा-चारा खर्च केलात तर भर पावसात काही उरणार नाही. घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही गावात शिराल. कोणी कुणब्याचे दाणे उचलील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. घर धरून राहिलेले कुणबीही मग गाव सोडतील. काही उपासमारीनं मरतील आणि लोकांना तुम्ही मोगलांपेक्षाही वाईट वाटाल. तुम्हाला पगार मिळतो, लागेल ते बाजारातून विकत घ्या.

त्यानंतर पत्र आगीकडे वळतं. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, वारा सुटेल आणि सगळ्या गंजी जातील. नंतर कोणाच्या माना मारल्या तरी एक लाकूडही मिळणार नाही. रात्री दिवा तसाच ठेवून झोपाल, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल.

हा उंदीर वाचला आणि मला माझी दादी आठवली. आमचं गावचं घर तेव्हा गवतानं शाकारलेलं होतं. निजण्यापूर्वी दादी स्वतः उठून दिवा फुंकायची, पोरांवर विश्वास टाकायची नाही. कोकणातल्या शाकारलेल्या घरात रात्री काय होऊ शकतं हे तिला ठाऊक होतं. ज्यानं ते पत्र सांगितलं त्यालाही ते ठाऊक होतं. अक्षर कुणा कारकुनाचं असेल, पण नजर राज्यकर्त्याची आहे आणि ती पागेच्या कोपऱ्यापर्यंत पोचलेली आहे. या पत्रात धाक नाही असं नाही. कसूर करणाऱ्याला शिक्षेची ताकीद आहेच. पण धाक कारणांच्या सोबतीनं येतो. शिवाय हा धाक हत्यार हातात असलेल्या माणसाला आहे, बिनहत्यारी कुणब्याच्या वतीनं आहे.

आता दुसरा कागद. २३ सप्टेंबर १८९६ या दिवशी डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग आल्याचं जाहीर केलं. दोन आठवडे उलटायच्या आत, ६ ऑक्टोबरला, महापालिकेचे आयुक्त स्नो यांची अधिसूचना निघाली. १८८८ च्या पालिका कायद्याचा आधार घेऊन त्यांनी अधिकार घेतला : घरात शिरायचा, घर धुऊन काढायचा, आणि रोग्याला घरच्यांची इच्छा असो वा नसो, इस्पितळात हलवायचा.

स्नो यांना दुष्ट ठरवणं सोपं आहे. मी तसं करणार नाही. रोग भयंकर होता, हातात औषध नव्हतं, आणि उशीर केला असता तर त्याचाही दोष त्यांच्याच माथी आला असता. पण हा कागद ज्या खोलीत जाऊन पडणार होता, ती खोली लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नव्हती. तिथे माणसं दाटीवाटीनं राहत होती. इस्पितळ म्हणजे जिथून कोणी परत येत नाही अशी जागा, ही त्यांची समजूत होती. आईला मुलापासून तोडलं तर त्याला पाणी कोण पाजणार, तो गेला तर मातीला कोण जाणार, त्याला आपल्या धर्माप्रमाणे अन्न मिळणार की नाही, या प्रश्नांना अधिसूचनेत उत्तर नव्हतं.

जिथे सरकार कारण सांगत नाही तिथे लोक स्वतः कारण शोधतात. त्या ऑक्टोबरमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं. त्याचा सूड म्हणून इस्पितळात माणसांची काळजं काढून राणीकडे पाठवतात, अशी आवई उठली. रोग्यांना मारून त्यांचं तेल काढतात, असंही लोक बोलू लागले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्यानंतर पालिकेला हुकूम सौम्य करावा लागला. मुंबई तोवर रिकामी होऊ लागली होती. लोक रोगाला भ्यालेच होते, आता सरकारलाही भिऊ लागले. येत्या काही महिन्यांत सुमारे आठ लाखांच्या या शहरातून काही लाख माणसं गावोगाव पांगली आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा झाला. तेव्हा त्यात अवघी चार कलमं होती. सरकारला वाटेल ते उपाय योजण्याचा अधिकार, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आणि अंमल करणाऱ्याला दाव्यांपासून संरक्षण. रोग्याबद्दल सरकारचं काय कर्तव्य आहे, यावर एकही कलम नव्हतं. त्या वर्षी पुण्यात काय झालं ते आपण शाळेत शिकलो आहोत. मुंबईतली ९ मार्च १८९८ ची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. मदनपुऱ्याजवळ विणकर मुसलमानांची वस्ती होती. तपासणी पथक एका घरी आलं. आत बारा वर्षांची मुलगी आजारी होती. घरच्यांनी तिला तपासू द्यायला नकार दिला. गर्दी जमली, दगड आले, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. आजारी मुलीच्या खाटेपाशी परका पुरुष येणं म्हणजे काय, हे मला वेगळं समजून घ्यावं लागत नाही. आणि ही केवळ मुसलमानाची भावना नव्हती. पुण्याच्या वाड्यांतूनही तोच आक्रोश उठला होता.

यानंतर सक्ती हळूहळू सैल झाली. जाती-जमातींच्या स्वतःच्या प्लेग इस्पितळांना वाव मिळाला, वैद्य-हकिमांची मदत घेतली जाऊ लागली. लस तर सक्तीनं टोचायची नाही असंच ठरलं. हाफकीन यांनी १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. जेमतेम विशीतले तिसरे आगाखान यांनी ती आपल्या अनुयायांसमोर टोचून घेतली. लोकांनी पाहिलं की हा माणूस जिवंत आहे, हिंडतो-फिरतो आहे. मग बाह्या वर झाल्या.

आणि उंदीर? मांडवीच्या धान्याच्या वखारींत मेलेले उंदीर लोकांनी पाहिले होते. पण हुकूम माणसांच्या मागे लागला. पुढे १८९८ मध्ये कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं उंदरावरच्या पिसवेचा माग काढला. ते मान्य व्हायलाही काही वर्षं गेली. जी माणसं ओढून नेली, त्यांतल्या बहुतेकांपासून शेजाऱ्याला फारसा धोकाच नव्हता. १८९६ मध्ये हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याचा दोष मी देत नाही. पण ज्याला स्वतःलाच सगळं ठाऊक नाही, त्यानं तरी दुसऱ्याशी समजुतीनं बोलावं.

१३ मार्च २०२० ला करोनाच्या वेळी महाराष्ट्रात हाच १८९७ चा कायदा लागू झाला. देशात ठिकठिकाणी रोग्यांच्या दारांवर कागद चिकटले. हेतू सावधगिरीचा होता, पण वाचणाऱ्यांनी ते घर वाळीत टाकलं. अखेर ९ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा तसा खास आदेश असल्याशिवाय असे कागद लावू नयेत. एका दारावरच्या चार ओळींसाठी प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं.

त्या म्हातारीची नोटीस मी पुन्हा लिहिली. तिनं कोणत्या खिडकीवर जायचं, कोणता कागद आणायचा, आणि जमलं नाही तर कोणाला भेटायचं, एवढं घातलं. ते वाचून साहेब म्हणाले, "लांबलीय." मी 'अन्यथा'चं वाक्य काढून टाकलं आणि ती पहिल्याइतकीच झाली. साहेबांनी थोडा वेळ कागदाकडे पाहिलं आणि सही केली. तिसऱ्या दिवशी ती बाई आली. बरोबर त्याच खिडकीवर, बरोबर तोच कागद घेऊन.