सुप्याचे कर्जरोखे

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी, आठवडे बाजाराच्या दिवशी, कुणब्यांनी गुजर आणि मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चाल करून जे मागितले ते मुख्यतः कर्जरोखे, म्हणजे घेतलेल्या रकमेची व व्याजाची लेखी कबुली देणारे कागद होते. जेथे ते निमूटपणे हवाली झाले तेथे बहुधा पुढची मारहाण झाली नाही.

या रागाचे मूळ केवळ देणे असण्यात नव्हते. पूर्वापार चालत आलेल्या दामदुपटीच्या नियमानुसार, म्हणजे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येऊ नये या दंडकानुसार, ऋणको व धनको यांच्यात काही मर्यादा शिल्लक होती. परंतु 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मुदत घातल्यावर सावकार मुदत सरण्याआधी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले, आणि निरक्षर शेतकरी, काय लिहिले आहे हे न कळताच, त्यावर अंगठा उठवू लागला. अमेरिकन यादवीच्या काळात चढलेले कापसाचे भाव 1865 नंतर कोसळले, तसा हा फास आवळला.

कर्ज फेडलेच पाहिजे, ही भावना त्या शेतकऱ्याच्या मनात खोल रुजलेली होती, आणि म्हणूनच न घेतलेल्या पैशाचे देणेकरी ठरवले जाणे त्याला असह्य झाले, असे मानणे सयुक्तिक ठरते. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला.