पॉवर स्टीअरिंगचा पंखा: उष्णता कुणी सोसायची?

आजचा भाग एका तळहाताएवढ्या पंख्यावर आहे. हसू नका, थोडं ऐका.

मागच्या मे महिन्यात मी आर्णीला घरी होतो. रात्री जेवणं झाली आणि अमेरिकेतल्या मामेभावाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार. पठ्ठ्या त्याच्या 2004 च्या मिनी कूपरखाली आडवा झालेला. गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवलेली, आणि हातात काळ्या प्लॅस्टिकचा छोटा पंखा. पात्यांत खडा अडकून पंखा जाम झाला होता. "पॉवर स्टीअरिंगच्या पंपाचा पंखा आहे, बदलतोय," तो म्हणाला.

बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी यवतमाळ रोडवर अकरा वर्षं भाड्याची इंडिका चालवली. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "आपल्या इंडिकेत असा पंखा कुठं होता बा? पंखा सोड, पॉवर स्टीअरिंगच नव्हतं."

दोन्ही छोट्याच गाड्या. मग एकीला पंखा लागतो आणि दुसरीला स्टीअरिंगची मदतही मिळत नाही, असं का? त्या रात्री मी हेच शोधत बसलो.

सुरुवात 1926 पासून करू. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टीअरिंग गाडीत बसवून दाखवलं. तो आधी ट्रक बनवणाऱ्या कंपनीत होता, त्यामुळे जड चाकं वळवताना ड्रायव्हरचे काय हाल होतात हे त्याला माहीत होतं. पण ही वस्तू महाग पडत होती. दुसऱ्या महायुद्धात ती लष्करी गाड्यांत गेली, आणि सामान्य गिऱ्हाइकाला विकत घेता येईल अशा कारमध्ये आली 1951 साली, क्रायसलरच्या इम्पिरियलमध्ये. म्हणजे मध्ये पंचवीस वर्षं गेली, आणि आली तीही सगळ्यात महागड्या गाडीत.

या पद्धतीत इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरतो, तेलावर दाब येतो आणि ते तेल चाकं ढकलायला मदत करतं. पण तेल दाबलं की तापतं. स्टीअरिंग पूर्ण वळवून धरलं तर आणखी तापतं.

आता मिनीकडे येऊ. 1956 च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली. त्यानंतर अ‍ॅलेक इसिगोनिसने जेमतेम तीन मीटर लांबीची मिनी बनवली, ती 1959 साली आली. वजन सुमारे 600 किलो, चाकं 10 इंचांची. पॉवर स्टीअरिंगची गरजच नव्हती. 2001 मध्ये बीएमडब्ल्यूने नवी मिनी आणली, तिचं वजन हजार किलोच्या वर गेलं. मदत हवीच होती, पण बॉनेटखाली जागा नव्हती. म्हणून पट्ट्याऐवजी इलेक्ट्रिक मोटरवर चालणारा पंप घेतला आणि तो इंजिनच्या मागे, खाली बसवला, तेही तापणाऱ्या एक्झॉस्टजवळ. त्याला गार ठेवायला खालून हा पंखा लावला. रस्त्यावरचं पाणी, धूळ, खडे सगळं त्याच्याच तोंडावर! पंखा बंद पडला की पंप तापतो, आणि पंप गेला की स्टीअरिंग एकदम जड होतं. गाडी वळते, पण ताकद लावावी लागते. अमेरिकेत याच्या एवढ्या तक्रारी झाल्या, की तिथल्या वाहन सुरक्षा खात्याने चौकशी केली आणि कंपनीने या पंपाची वॉरंटी वाढवली.

आणि आपल्याकडे? पुण्यात बनलेली टाटा इंडिका 30 डिसेंबर 1998 ला बाजारात आली. 1405 सीसीचं डिझेल इंजिन, त्याचा सगळा भार पुढच्या चाकांवर. वरच्या मॉडेलमध्ये पॉवर स्टीअरिंग मिळायचं, खालच्यात नाही. भाड्याने चालवायला लोक कोणतं घ्यायचे? अर्थात स्वस्त. म्हणजे जो माणूस दिवसभर स्टीअरिंग फिरवणार, त्याच्याच गाडीत ते जड. कापसाच्या हंगामात आर्णीच्या बाजारात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमधून इंडिका मागे घेणं म्हणजे काय, ते बाबांच्या उजव्या खांद्याला विचारा. हात आजही पूर्ण वर जात नाही.

2009 ची नॅनोसुद्धा पॉवर स्टीअरिंगशिवायच आली. पण तिचं इंजिन मागे होतं, पुढचा भाग हलका, म्हणून निभलं. 2014 च्या नॅनो ट्विस्टमध्ये इलेक्ट्रिक स्टीअरिंग आलं. त्यात तेल नाही, पंप नाही, पंखाही नाही. मोटर थेट मदत करते. सुझुकीने ही पद्धत जपानमध्ये 1988 सालीच छोट्या सर्व्हो गाडीत वापरली होती. म्हणजे तंत्र मोठ्या गाडीतून छोटीत उतरायची वाट बघावी लागली नाही. ते छोट्या गाडीसाठीच सुरू झालं.

पण उष्णता गेली का? नाही. मोटर आणि तिचा कंट्रोलरही तापतो. तेव्हा आतला प्रोग्रॅम करंट कमी करतो आणि स्टीअरिंग थोडं जड होतं. उन्हात तुमचा फोन तापला की स्लो होतो ना, तसंच. मी रोज कोड लिहितो, तरी जे काम तिकडे पंखा करतो ते आपल्या गाडीत कोडच्या काही ओळी करतात, हे मला त्या रात्रीच कळलं. त्याआधी तो सगळा ताण बाबांच्या खांद्याने सोसला होता.

मामेभावाने नवा पंखा बसवला, कनेक्टर लावला, तपासून दाखवला. पंखा फिरला. बाबा म्हणाले, "खाली जाळी लाव, नाहीतर पुन्हा खडा जाईन." आणि मग, फोन ठेवल्यावर, खांदा चोळत: "आमच्या वेळी दोन पैसे जास्त टाकून वरचं मॉडेल घ्यायला पाहिजे होतं."

तुमच्या घरी कुणी जुनी अ‍ॅम्बेसेडर, जीप, इंडिका चालवली असेल, तर आज त्यांना एवढंच विचारा: स्टीअरिंग कसं होतं? उत्तर आम्हाला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!