अमेरिकेतील मोटारविक्रीचे डावपेच आणि गिऱ्हाइकाचा प्रतिकार

अमेरिकेच्या व्यापाराच्या इतिहासात एक विसंगती ठळकपणे नजरेस येते. ज्या देशात फिलाडेल्फियाचा जॉन वॉनामेकर आणि त्याच्यासारखे दुकानदार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालावर किमतीची चिठ्ठी लावून 'सर्वांस एकच दर' ही रीत प्रतिष्ठित केली, त्याच देशात मोटारगाडी मात्र घासाघीस करूनच विकली जात राहिली. साखर, कापड, पादत्राणे यांच्या किमतीवर वाद घालणे ज्या गृहस्थास कमीपणाचे वाटे, तोच मोटार घेण्यास गेला की तासन् तास दुकानात बसून भाव पाडून घेण्याच्या खटपटीत असे. आणि बहुधा हरून घरी येई. वस्तुतः यंत्रशाळेतून निघालेल्या, एकीसारखी हुबेहूब दुसरी असणाऱ्या वस्तूची किंमत ठरविणे सर्वांत सोपे असावयास हवे. तसे का झाले नाही, विक्रेत्यांनी कोणते डावपेच रचले, आणि गिऱ्हाइकाने व त्याच्या वतीने शासनाने त्यांस काय उत्तर दिले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर स्टीव्हन गेल्बर या इतिहासकाराने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिले आहे. मोटार घोड्याच्या जागी आली आणि घोड्याच्या सौद्यातील सारी रीतभात तिने वारशाने घेतली, असे त्याचे प्रतिपादन आहे. घोड्याचा सौदा हा पुरुषांचा खेळ मानला जाई. त्यात फसविणाऱ्यास दोष देण्यापेक्षा फसणाऱ्यास हसण्याचीच चाल अधिक. आपल्याकडील गुरांच्या बाजारात उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरविणारे हेडे व दलाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे पटण्यास अडचण पडू नये. तथापि केवळ वारशाच्या बळावर एखादी रीत शंभर वर्षे टिकत नाही. ती टिकण्यास रोजच्या व्यवहारात काही कारण लागते. ते कारण, आमच्या मते, जुन्या गाडीत आहे.

हेन्री फोर्डने १९०८ साली 'मॉडेल टी' बाजारात आणली तेव्हा तिची किंमत ८२५ डॉलर्सपासून सुरू होत होती. १९२५ पर्यंत ती २६० डॉलर्सपर्यंत उतरली. एकच गाडी, जाहीर केलेली किंमत आणि आयुष्यातील पहिलीच मोटार घेणारे गिऱ्हाईक, अशा स्थितीत घासाघिशीस वाव थोडा होता. १९२० नंतरच्या दशकात चित्र पालटले. जनरल मोटर्सचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन याने आपल्या आठवणींत या पालटाची चार कारणे सांगितली आहेत : हप्तेबंदीने विक्री, जुनी गाडी मोबदल्यात घेणे, बंदिस्त गाडीचा प्रसार आणि दरसाल बदलणारे रूप. त्यांपैकी पहिली दोन आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. जुनी गाडी ही घोड्यासारखीच असते. प्रत्येक निराळी, प्रत्येकीचे दुखणे निराळे आणि ते मालकासच ठाऊक. नव्या गाडीची किंमत कितीही निश्चित असली, तरी जुनीची किंमत बोलूनच ठरवावी लागते. आणि दोहोंचा सौदा एकाच बैठकीत होऊ लागला म्हणजे निश्चित आकडाही सैल होतो. त्यात हप्त्याचा तिसरा आकडा आला. १९१९ मध्ये जनरल मोटर्सने कर्जपुरवठ्याची स्वतःची संस्था काढली, आणि पाहता पाहता रोख पैसे मोजून गाडी नेणारा गिऱ्हाईक हा अपवाद ठरला.

तीन आकडे एकमेकांत मिसळले की काय होते, ते उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, नव्या गाडीची कारखान्याने सुचविलेली किंमत २,००० डॉलर्स आहे व गिऱ्हाइकाच्या जुन्या गाडीचे खरे मोल ५०० आहे. विक्रेता नवीची किंमत २,३०० सांगतो आणि जुनीचे ८०० देऊ करतो. गिऱ्हाइकाच्या खिशातून दोन्ही हिशेबांनी १,५०० डॉलर्सच जातात. परंतु आपल्या खटाऱ्याचे ८०० आले, या आनंदात तो घरी जाऊन शेजाऱ्यांस फुशारकी सांगतो. आता विक्रेत्याने २,३०० ऐवजी २,५०० सांगितले असते, तर तोच आनंद कायम राहून २०० डॉलर्स अधिक गेले असते. किंमत अशी फुगवून ठेवण्याच्या या युक्तीस तेथील व्यापारी भाषेत 'पॅक' म्हणत. ही रीत गिऱ्हाइकाच्या लोभावर जितकी उभी होती, तितकीच त्याच्या अभिमानावरही होती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाने या इतिहासास एक विलक्षण वळण दिले. फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरी वापराच्या मोटारींचे उत्पादन थांबले, ते १९४५ पर्यंत सुरू झाले नाही. युद्ध संपताच मागणीचा महापूर आला आणि विक्रेत्यास डावपेचांची गरजच उरली नाही. गिऱ्हाइकाने न मागितलेली साधने गाडीवर चढवून त्यांचे पैसे घेणे, जुन्या गाडीस कवडीमोल भाव देणे, किंवा नवी कोरी गाडी कागदोपत्री 'जुनी' दाखवून चढ्या भावाने विकणे, एवढे पुरेसे होते. येथे आपल्याकडील एका गोष्टीची आठवण होते. मुंबईस शिवडी येथे १९२८ पासून मोटारी जुळविणारी जनरल मोटर्स कंपनी १९५० नंतरच्या काही वर्षांतच येथून गेली, आणि मोजक्या देशी कारखान्यांच्या हाती बाजार राहिला. १९५९ साली मोटारींच्या वाटप व विक्रीवर नियंत्रणाचा हुकूम निघाला. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबणे नशिबी आले. अशा बाजारात गिऱ्हाइकाचे मन वळविण्याची कला जन्मास येतच नाही. तेथे 'ऑन' देण्याघेण्याची कला वाढते. टंचाईतील लूट उघड असते, विपुलतेतील लुटीस मात्र गोड भाषा लागते, एवढाच दोहोंतील फरक होय.

अमेरिकेत ती विपुलता १९५३ च्या सुमारास आली. फोर्ड व शेव्हरोले यांच्यात अग्रस्थानासाठी चुरस लागली. १९५५ मध्ये त्या देशात सुमारे एकोणऐंशी लक्ष मोटारी तयार झाल्या. कारखान्यांनी मागणीपेक्षा अधिक माल विक्रेत्यांच्या गळ्यात मारला, न घेतल्यास परवाना काढून घेण्याची धास्ती घातली. आणि विक्रेत्यांनी तो भार गिऱ्हाइकावर उतरविला. डावपेचांचे शास्त्र परिपूर्ण झाले ते याच काळात.

त्यातील काही प्रकार नमूद करण्यासारखे आहेत. 'लोबॉल' म्हणजे प्रथम अवास्तव कमी भाव सांगणे. गिऱ्हाईक आणखी चार दुकाने पालथी घालतो, इतका कमी भाव कोठेच मिळत नाही म्हणून परत येतो. तेव्हा वरिष्ठांनी त्या भावास मान्यता दिली नाही, असे त्यास खेदपूर्वक सांगण्यात येते. तोवर तो थकलेला असतो. जुन्या गाडीस अशीच अवास्तव मोठी किंमत देऊ करणे हा 'हायबॉल'. सौदा ठरल्यावर, कधी सही झाल्यावरही, काही ना काही सबबीने आकडा वाढविणे यास 'बुशिंग' म्हणत. सर्वांत क्रूर डाव दिसण्यात सर्वांत साधा होता. जुनी गाडी तपासण्यासाठी म्हणून तिची किल्ली मागून घ्यावयाची आणि ती परत देण्यास विलंब लावावयाचा. घरी जाण्याचे साधनच हातचे गेलेला माणूस उठून जाणार कसा? या डावास 'घोड्यावरून उतरविणे' अशा अर्थाचे नाव होते, आणि घोड्याच्या बाजाराची आठवण त्यात कायम होती. याशिवाय एका विक्रेत्याने दमवावे, दुसऱ्याने समजूत काढावी व तिसऱ्याने सही घ्यावी, अशी श्रमविभागणी होती. काही दुकानांत सौद्याच्या खोलीत ध्वनिग्राहक लपवून ठेवीत. नवराबायकोस 'आपसात विचार करा' म्हणून एकटे सोडून बाहेर जाणारा सौजन्यशील विक्रेता पलीकडे बसून त्यांची शेवटची मर्यादा ऐकत असे.

ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मॉन्रोनी यांच्या उपसमितीने या व्यवहारांची चौकशी केली. हे गृहस्थ मूळचे वृत्तपत्रकार होते, हे येथे सहज आठवते. चौकशीतून दोन कायदे निघाले. १९५६ च्या कायद्याने कारखान्याच्या जुलमाविरुद्ध न्यायालयात जाण्याचा हक्क विक्रेत्यांस दिला. दुसरा जुलै १९५८ मधील माहिती जाहीर करण्याविषयीचा कायदा होय. प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कारखान्याने चिठ्ठी डकविली पाहिजे; तीत गाडीचा प्रकार व क्रमांक, ती कोठे जुळविली, कोणत्या विक्रेत्याकडे व कशाने पाठविली, मूळ सुचविलेली किंमत, प्रत्येक जादा साधनाची किंमत, वाहतूकखर्च आणि या साऱ्यांची बेरीज असली पाहिजे, असे त्याने ठरविले. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाण्यापूर्वी ती चिठ्ठी जाणूनबुजून काढणाऱ्यास एक हजार डॉलर्सपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. मॉन्रोनींचे नाव त्या चिठ्ठीस कायमचे चिकटले.

या कायद्याचे यश निर्विवाद असले, तरी त्याची मर्यादा अभ्यासकांनी पुरेशी ध्यानात घेतलेली दिसत नाही. त्याने किंमत ठरविली नाही, केवळ सांगितली. आणि तीही कारखान्याने सुचविलेली, विक्रेत्यास गाडी पडली ती नव्हे. 'पॅक' करणे त्यामुळे अवघड झाले. परंतु घासाघीस संपण्याऐवजी तिला एक अधिकृत आरंभबिंदू मिळाला. चिठ्ठीवरील आकड्यातून शंभर डॉलर्स कमी झाले की गिऱ्हाईक समाधानी होऊ लागला. पुढे विक्रेत्यांनी चार चौकोनांचा कागद प्रचारात आणला. त्यात नव्या गाडीची किंमत, जुनीचे मोल, आगाऊ रक्कम व मासिक हप्ता असे चार आकडे मांडून एका चौकोनात सवलत द्यावयाची व ती दुसऱ्यातून वसूल करावयाची. १,५०० डॉलर्सच्या उदाहरणातील तत्त्वच येथे कागदावर उतरले आहे.

गिऱ्हाइकाचे खरे उत्तर या चार चौकोनांना वेगळे करण्यात होते, आणि ते त्यास हळूहळू सापडत गेले. लॉस एंजेलिसच्या केली यांचे जुन्या गाड्यांच्या मोलाचे निळे पुस्तक १९२६ मध्येच निघाले होते, परंतु ते प्रथम व्यापाऱ्यांच्या उपयोगाचे होते. १९६६ पासून एडमंड्सच्या पुस्तिकांनी किमतींची माहिती सामान्य वाचकाच्या हाती दिली. १९६८ च्या कायद्याने कर्जाचा वार्षिक व्याजदर स्पष्ट सांगणे बंधनकारक केले. या साधनांच्या जोरावर जाणत्या खरेदीदाराची एक शिस्त तयार झाली. कर्जाची सोय आधी आपल्या पेढीकडे किंवा पतसंस्थेकडे करावी. नव्या गाडीचा पूर्ण भाव लेखी ठरल्यावाचून जुन्या गाडीचा विषय काढू नये. 'दरमहा किती परवडेल' या प्रश्नास उत्तरच देऊ नये. किल्ली खिशात ठेवावी. आणि 'हा भाव आजच्यापुरता' असे कोणी म्हटल्यास निःशंकपणे उठावे, कारण आज परवडणारा भाव व्यापाऱ्यास उद्याही परवडतो. तोंडी वचन कागदावर नसेल तर ते दिलेच नाही असे समजावे. यात नवे शहाणपण फारसे नाही. नवी गोष्ट ही की, ते अमलात आणण्यास लागणारी माहिती आता विकत मिळू लागली.

जुन्या गाड्यांच्या बाजाराचे तात्त्विक विवेचन जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये केले. तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या या निबंधाच्या विषयासाठी त्यांस २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. विक्रेत्यास माल ठाऊक व गिऱ्हाइकास अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्यास बाजारातून हुसकावून लावतो, हे त्याचे सार. १९६७-६८ मध्ये अकरलॉफ दिल्लीस होते. आणि निबंधात बाजारच्या तांदळातून मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगाचे खडे वेचणाऱ्या भारतीय गृहिणीचे उदाहरण आले आहे. मोटारीच्या सिद्धांतास आपल्या सुपाने असा हातभार लावावा, ही गोष्ट मराठी वाचकास कौतुकाची वाटेल.

परंतु या साऱ्या इतिहासातील सर्वांत गंभीर भाग याहून निराळा आहे. घासाघीस म्हणजे दोन समानांची झुंज, ही समजूत कितपत खरी? इयन एअर्स व पीटर सीगेलमन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात शिकागो परिसरातील दुकानांत परीक्षक पाठविले. सर्वांस एकच पोशाखाची पद्धत, एकच पढविलेले संभाषण, मोलभावाची एकच रीत होती. तीनशेहून अधिक भेटींतून निष्पन्न झाले ते असे की, त्याच गाडीस गौरवर्णी पुरुषापेक्षा कृष्णवर्णी पुरुषास शेवटचा भाव सुमारे १,१०० डॉलर्सनी अधिक सांगितला गेला. स्त्रियांसही, कमी प्रमाणात का होईना, चढा भाव मिळाला. डाव ओळखून प्रतिडाव टाकणाऱ्या गिऱ्हाइकाचे चित्र आपण वर रेखाटले. येथे सर्वांनी प्रतिडाव एकच टाकला होता, तरी फळ वेगळे आले. माणूस दारातून आत येताच त्याच्याकडून किती घेता येईल याचा अंदाज विक्रेत्याने बांधलेला असे. म्हणून गिऱ्हाइकास शहाणे करणे हा उपाय आवश्यक असला तरी अपुरा आहे, असे आमचे मत झाले आहे. पुढे संगणकाच्या जाळ्यावरून, चेहरा न दाखविता, भाव मागविणे शक्य झाले. त्या मार्गाने खरेदी करणाऱ्या अल्पसंख्य गिऱ्हाइकांच्या बाबतीत ही तफावत बहुतांशी नाहीशी झाल्याचे स्कॉट मॉर्टन प्रभृतींस आढळले, हेही या मताशी जुळते.

घासाघीसच बंद करण्याचा मोठा प्रयत्न जनरल मोटर्सने 'सॅटर्न' गाडीच्या रूपाने १९९० मध्ये केला. ती दुकाने एक दराची म्हणून नावाजली, पण २०१० पर्यंत कंपनीने तो व्यवसायच गुंडाळला. २०२१-२२ मध्ये अर्धवाहक घटकांच्या तुटवड्यामुळे गाड्यांची टंचाई झाली, तेव्हा अनेक विक्रेत्यांनी मॉन्रोनींच्या चिठ्ठीशेजारी 'बाजारभावाप्रमाणे वाढ' म्हणून दुसरी चिठ्ठी डकविली. १९५८ च्या कायद्याने पहिली चिठ्ठी काढण्यास बंदी केली होती, दुसरी लावण्यास नव्हे. केंद्रीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये गाडीचा संपूर्ण भाव सांगणे आणि निरुपयोगी जादा साधने न लादणे विक्रेत्यांवर बंधनकारक करणारा नियम जाहीर केला. विक्रेत्यांच्या संघटनांनी त्यास आव्हान दिले, आणि जानेवारी २०२५ मध्ये पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने, आगाऊ सूचना देण्याची कार्यपद्धती आयोगाने पाळली नाही या कारणावरून, तो अमलात येण्यापूर्वीच रद्द ठरविला.