मिंकी देवमाशांची श्रवणचाचणी

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ मुक्त मिंकी देवमाशांना तात्पुरते अडवून त्यांची ऐकण्याची क्षमता थेट मोजणारा संशोधन प्रकल्प. नॉर्वेची संरक्षण संशोधन संस्था आणि अमेरिकेतील नॅशनल मरीन मॅमल फाउंडेशन यांनी 2021 पासून तो राबवला.

डॉल्फिन आणि सील शिकवले की आवाज ऐकल्याची खूण देतात. पण मिंकीसारख्या बलीन देवमाशांना, म्हणजे दातांऐवजी गाळणीसारखे पट्टे असलेल्या महाकाय प्राण्यांना, असे बाळगून शिकवणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे त्यांच्या श्रवणाचा अंदाज कानाची रचना आणि त्यांचे स्वतःचे आवाज यांवरूनच बांधला जाई. नौदलाची सोनार (ध्वनिलहरींनी शोध घेणारी) यंत्रणा किंवा समुद्रातील तेलशोध यांच्या गोंगाटाचे नियमही याच अंदाजावर उभे होते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोवळे मिंकी लोफोटेनवरून उत्तरेला बॅरेंट्स समुद्राकडे जातात. बेटांमधल्या खाडीत लांबलचक जाळी लावून त्यांना आत वळवले जाई, मग दोन तराफ्यांमधल्या जाळ्यात धरले जाई. त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून पाण्यात ठरावीक आवाज सोडायचे आणि मेंदूत उमटणारे सूक्ष्म विद्युत् संकेत टिपायचे, अशी ही पद्धत. जखम न करणारी. पण वन्य प्राण्याला पकडणे हाच त्याच्यावरचा मोठा ताण.

म्हणूनच 2021 मध्ये सुमारे 50 शास्त्रज्ञ व पशुवैद्यांनी प्रकल्प थांबवण्याची मागणी केली. जून 2023 मध्ये वादळी हवेत सुटलेल्या जाळ्यात अडकून एक देवमासा बुडून मेला. काम काही काळ थांबवावे लागले. या मृत्यूची नोंद निष्कर्षाइतक्याच ठळकपणे झाली पाहिजे. पैसा कोठून आला हेही सांगायला हवे: निधी देणाऱ्यांत अमेरिकी नौदल आणि समुद्रातील ऊर्जा-उत्खननाचे नियमन करणारी तिथली सरकारी संस्था होती. गोंगाट करणारे आणि त्याला परवाने देणारे, दोघांनाही हे उत्तर हवे होते. तेवढ्याने मोजमाप खोटे ठरत नाही, मात्र त्याचा वापर कसा होतो यावर लक्ष ठेवणे भाग आहे.

2023 च्याच उन्हाळ्यात दोन मिंकींची चाचणी यशस्वी झाली आणि त्यांना सोडून देण्यात आले. डोरियन हाउसर व सहकाऱ्यांनी 2024 मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार मिंकीच्या श्रवणाची वरची मर्यादा 45 ते 90 किलोहर्ट्झच्या दरम्यान आहे. माणसाची मर्यादा सुमारे 20. अमेरिकी नियमांत बलीन देवमाशांसाठी 35 धरली जाई. मिंकींची शिकार करणाऱ्या ऑर्कांचे तीक्ष्ण आवाज ओळखण्यासाठी हे श्रवण उपयोगी पडत असावे, असे संशोधकांचे मत आहे. मात्र हे दोन्ही प्राणी अल्पवयीन होते, आणि निळ्या देवमाशासारख्या अवाढव्य जातींना हीच मर्यादा लागू होईल असे त्यावरून म्हणता येत नाही.