मुदाखलत बेजा

मराठवाड्यातल्या जुन्या मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, उघडले की ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा समोर येतात. कब्जा, रहन, मुद्दई, मुद्दाअलैह, आणि दखल, मुदाखलत. वकिली सोडल्यावरही लोक पणजोबांच्या नावाचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. कागद शिकस्ता लिपीतले, नुक्ते गाळलेले, रकमा सियाक या हिशेबी अंकलिपीत. तारखा फसली, महिने आजुर, दै, बहमन. निजामाच्या फसली सनात ५९० मिळवायचे, महिना जानेवारी किंवा त्यापुढचा पडत असेल तर ५९१. एवढं जमलं तरी शब्दाचा अर्थ लावायचं काम उरतंच. सोबत आलेला नातू मोबाइलवर कोश बघून सांगतो, ‘काका, मुदाखलत म्हणजे इंटरफिअरन्स.’ तो अर्थ धरला तर दुसऱ्याच्या शेतात घुसलेला माणूस नुसता लुडबुड्या ठरतो. कागदात मात्र त्याच्यावर फौजदारी चाललेली असते.

अरबीतलं मूळ साधं आहे: आत जाणं. उर्दूत ते पसरलं. जॉन प्लॅट्स यांच्या १८८४ च्या उर्दू-इंग्रजी कोशात ‘दखल’खाली प्रवेश, ताबा, ढवळाढवळ, एखाद्या विषयातली गती असे अर्थ आहेत. शहाण्यांच्या बोलण्यात मध्येच तोंड घालणाऱ्याला उर्दूवाले ‘दखल दर माकूलात’ म्हणून गप्प बसवतात. कोशात हे सगळे अर्थ शेजारी शेजारी नांदू शकतात. कोर्टात तसं चालत नाही. तिथे एका अर्थावर माणूस आत जातो आणि दुसऱ्या अर्थावर सुटतो. म्हणून मी नेहमी म्हणतो, हा शब्द समजून घ्यायचा तर १८५७ नंतरची चार-पाच वर्षं पाहायला हवीत.

त्या वर्षांत हा शब्द उत्तर हिंदुस्थानात फार जड झाला होता. सय्यद अहमद खान उठावाच्या वेळी बिजनौरला सदर अमीन होते. पुढे त्यांनी ‘अस्बाब-ए-बगावत-ए-हिंद’ लिहिलं आणि सरकारलाच सुनावलं, की तुम्ही आमच्या धर्मात मुदाखलत करताय अशी लोकांची खात्री झाली होती. पाद्र्यांना मिळणारं पाठबळ, धर्म बदलला तरी वारसाहक्क राखणारा १८५० चा २१ वा कायदा, अशी उदाहरणं त्यांनी मांडली. चाकरीत असलेल्या माणसानं त्या दिवसांत हे छापावं, ही छाती मोठीच. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यातही रयतेच्या धर्मात हात न घालण्याची ताकीद अधिकाऱ्यांना होती. ऑकलंड कॉल्विन आणि ग्रॅहम यांनी सय्यद अहमदांच्या पुस्तकाचं इंग्रजी केलं ते १८७३ मध्ये. म्हणजे ज्यांच्यासाठी ते लिहिलं होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हाती ते बऱ्याच उशिरा पडलं.

त्याच सुमारास हा शब्द कायद्यातही आला. इंडियन पीनल कोड १८६० चं, अंमल १ जानेवारी १८६२ पासून. ते उर्दूत आणणाऱ्यांत बिजनौर जिल्ह्याचेच मौलवी नजीर अहमद होते. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. दिल्लीच्या पंजाबी कटऱ्यातल्या औरंगाबादी मशिदीत ते शिकायला राहिले. विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन भाकरी-तुकडा गोळा करायचा अशी रीत होती. एका घरची लहान मुलगी त्यांना मसाला वाटायला बसवायची. पुढे त्याच मुलीशी त्यांचं लग्न झालं. हे त्यांचे शिष्य फरहतुल्ला बेग यांनी लिहून ठेवलं आहे. पुढे दिल्ली कॉलेज, मग सरकारी नोकरी. डिप्टी कलेक्टर झाले म्हणून ‘डिप्टी नजीर अहमद’ हे नाव रूढ झालं. कायद्याची भाषा घडवणाऱ्या या माणसाला दिल्लीच्या माजघरातली भाषाही येत होती, आणि १८६९ च्या ‘मिरात-उल-उरूस’ या कादंबरीत ती दिसते.

इंग्रजी ‘ट्रेसपास’ या शब्दात चूक आधीच धरलेली आहे. मुदाखलतीत ती नाही. आत तर पाहुणाही येतो. म्हणून पीनल कोडच्या उर्दू रूपात, ‘ताजिरात-ए-हिंद’मध्ये, शब्द झाला ‘मुदाखलत बेजा’, म्हणजे जिथे जागा नाही तिथे शिरणं. घरात शिरला तर ‘मुदाखलत बेजा बखाना’. कलम ४४१ च्या व्याख्येतही नुसतं शिरणं पुरत नव्हतं. गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा इरादा लागायचा. ‘बेजा’ या दोन अक्षरी शब्दानं निदान चूक दाखवायचं ओझं उचललं. अडवणुकीला ‘मुजाहमत बेजा’, डांबून ठेवण्याला ‘हब्स बेजा’ अशी ओळच तयार झाली. पाकिस्तानात आजही दंडसंहितेला ताजिरातच म्हणतात.

हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात कचेऱ्यांतून फारसी गेली आणि उर्दू आली. नजीर अहमद १८७७ मध्ये संस्थानचे दिवाण सालारजंग यांच्या बोलावण्यावरून तिथे आले आणि महसूल खात्यात मोठ्या हुद्द्यावर पोचले. पुढे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादच्या कोर्टांत तीच परिभाषा रुजली. उर्दूचं अक्षर न येणारा कुळवाडी ‘मला बेदखल केलं’ एवढं मात्र बिनचूक सांगायचा. जमिनीतून काढलं जाणं त्याच्यासाठी याच एका शब्दात होतं. १३५४ फसलीचा, कुळांसाठीचा असामी शिकमी कायदा आणि १९५० चा हैदराबाद कुळकायदा आले तेव्हा हा शब्द गावोगावच्या तोंडी होता.

मराठीनं यातलं सोयीचं तेवढं उचललं. ‘दखल घेणे’ला आपण सन्मान दिला, लुडबुडीला ‘ढवळाढवळ’ ठेवली आणि पोलीस ठाण्यात दखलपात्र, अदखलपात्र गुन्हे मांडले. ट्रेसपाससाठी पुस्तकी ‘अतिक्रमण’ आलं.

२०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातली दप्तरं पुन्हा उघडली आणि उर्दू, मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. माझे वडील संस्थानच्या शाळेत उर्दूतून शिकले होते, त्यांच्याकडून मला ही लिपी मिळाली. माझ्यानंतर आमच्या घरात ती कुणालाच येत नाही, आणि याचं मला दुःख आहे. म्हणून शिकायला येणाऱ्या तरुण वकिलांना मी कोश बाजूला ठेवायला सांगतो आणि शब्दाची सोबत बघायला लावतो. ‘दखल दिहानी’ असेल तर कोर्टानं ताबा देवविला आहे; तो पणजोबांना मिळाला असेल तर वारसाच्या बाजूचा कागद. ‘बेदखल’ असेल तर ताबा गेला. कुणी काढला आणि कोणत्या साली, ते आधी शोधा. आणि ‘मुदाखलत बेजा’ दिसलं तर ती बहुधा दिवाणी मिसल नसते, फौजदारीची असते. निकालाचं पान शेवटी असतं, ते पहिलं वाचा.