१९६५ ची फोर्ड मस्टँग : टाकीत पेट्रोल किती मावतं?

थोडक्यात उत्तर : १६ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ६०.६ लिटर.

गॅलनमध्ये गल्लत कुठे होते?
गॅलन दोन प्रकारचे आहेत. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, तर ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. मस्टँग अमेरिकेची गाडी, त्यामुळे तिचा आकडा अमेरिकन गॅलनमध्ये असतो. ब्रिटिश गॅलन धरून हिशोब केला तर उत्तर ७२.७ लिटर येतं, म्हणजे थेट १२ लिटरची चूक! गाडी लिटरमागे ६ किलोमीटर धावते असं धरलं, तर एवढ्या फरकाने ७० किलोमीटरचा अंदाज चुकतो.

मस्टँगची मूलभूत माहिती
- पदार्पण : १७ एप्रिल १९६४, न्यूयॉर्क
- सुरुवातीची किंमत : २,३६८ डॉलर
- प्रकार : हार्डटॉप, कन्व्हर्टिबल, फास्टबॅक
- लांबी : सुमारे ४६१ सेंमी
- रुंदी : सुमारे १७३ सेंमी
- व्हीलबेस : सुमारे २७४ सेंमी
- इंजिन : ६ सिलिंडर, ३.३ लिटर (१२० अश्वशक्ती) किंवा व्ही-८, ४.७ लिटर (२०० ते २७१ अश्वशक्ती)
- गिअर : ३ किंवा ४ गिअरचे मॅन्युअल, अथवा ३ गिअरचे ऑटोमॅटिक
- इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना

लक्षात ठेवा, त्या काळी अमेरिकेत इंजिन गाडीबाहेर ठेवून, एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे न जोडता ताकद मोजत. त्यामुळे हे आकडे आजच्या गाड्यांशी थेट ताडून पाहू नका.

टाकी नेमकी कुठे असते?
पेट्रोल भरायचं झाकण गाडीच्या मागे, दोन टेललाइटच्या मधोमध आहे. टाकी डिकीखाली असते आणि टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ! डिकी आणि मागच्या सीटमध्येही लोखंडी आडोसा नाही. मागून जोरदार धडक बसून टाकी फुटली, तर पेट्रोल डिकीत आणि तिथून प्रवाशांपर्यंत पोहोचू शकतं. म्हणूनच आज ही गाडी चालवणारे अनेक जण मधे पोलादी पत्रा बसवून घेतात.

सगळ्या मस्टँगची टाकी सारखीच का?
नाही. १९६९ च्या मॉडेलला २० गॅलनची, म्हणजे सुमारे ७५.७ लिटरची टाकी आहे. त्यामुळे कुठलाही आकडा शेअर करण्याआधी गाडीचं साल आणि गॅलनचा प्रकार, दोन्ही तपासा.